डोक्यावरचं आणि चाकाखालचं

बोईसरमध्ये सकाळी सव्वासहा ते पावणेसात रस्ता दुचाक्यांचा असतो. बस असतात, टँकर असतात, पण मोजायला लागलात तर दुचाक्याच. फर्स्ट शिफ्ट सातची. पालघरहून, मनोरहून, चिंचणीहून माणसं तारापूर एमआयडीसीकडे निघालेली असतात. हँडलला डब्याची पिशवी आणि मागे एक जण, जो महिन्याच्या पेट्रोलमध्ये वाटा देतो. कंपनीची बस पर्मनंटवाल्यांसाठी. कॉन्ट्रॅक्टवाला स्प्लेंडरवर, शाईनवर, नाहीतर भावाकडून आलेल्या जुन्या प्लॅटिनावर. बऱ्याच जणांच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट असतं. प्लांटमधलं. वरून पाना पडला तर डोकं वाचावं म्हणून बनवलेलं. डांबरावर डोकं आपटलं तर ते किती कामाचं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पोलिसाला लांबून काहीतरी गोल दिसतं, एवढ्यापुरतं ते घालायचं.

मी याच गर्दीत असते. पालघर ते बोईसर, कोळगाव, उमरोळी करत, बारा-तेरा किलोमीटर, अ‍ॅक्टिव्हावर. एका औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये काम करते. लोकल आहे; २०१३मध्ये ती डहाणूपर्यंत आली तेव्हा आमच्याकडे किती कौतुक झालं होतं. पण शिफ्टच्या वेळेशी तिचं जुळेलच असं नाही, आणि बोईसर स्टेशनपासून प्लांटच्या गेटपर्यंत जायचं म्हणजे पुन्हा शेअर रिक्षाची वाट बघणं आलं. म्हणून गाडी.

नाईट शिफ्टमध्ये एचपीएलसीचं रन लागलेलं असतं तेव्हा मशीन काम करतं आणि माणूस मोबाइल बघतो. अशाच एका रात्री मला फ्रेड हिल सापडला. दुचाकीवाल्यांच्या हक्कांसाठी आयुष्य काढलेला माणूस, असं त्याचं वर्णन होतं. मी थांबले ती 'हक्क' या शब्दापाशी. दुचाकीवाल्यांचे हप्ते, दुचाकीवाल्यांचे दंड, दुचाकीवाल्यांची बेशिस्त, हे सगळं माझ्या कानावरून रोज जातं. हक्क मात्र कधी ऐकलेला नव्हता.

फ्रेड हिल इंग्लंडचा. जन्म १९०९चा, पेशाने गणिताचा शिक्षक. दुसऱ्या महायुद्धात तो सैन्यात मोटरसायकलवरून निरोप पोचवायचं काम करत होता. १ जून १९७३ला ब्रिटनमध्ये मोटरसायकलवर हेल्मेट सक्तीचं झालं. हिल तेव्हा साठी ओलांडलेला, निवृत्त. त्याने ठरवलं की आपण हेल्मेट घालायचं नाही. डोक्यावर साधी बेरे टोपी चढवून तो गाडी चालवत राहिला. पोलीस पकडायचे, कोर्ट दंड लावायचं, तो दंड भरायचा नाही, मग तुरुंग. सुटला की पुन्हा टोपी घालून गाडीवर. असं तीस-एक वेळा झालं. त्याचं म्हणणं सरळ होतं: माझ्या डोक्याला इजा झाली तर ती मला होईल, त्यात सरकारचा संबंध काय? १९७६मध्ये तिथल्या संसदेने पगडी घालणाऱ्या शिखांना हेल्मेटमधून सूट दिली, तेव्हा हिलसारख्यांचा मुद्दा आणखी धारदार झाला. एकाच्या श्रद्धेला जागा आहे तर दुसऱ्याच्या मताला का नाही?

१० फेब्रुवारी १९८४ला लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात, साठ दिवसांची शिक्षा भोगत असताना, हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय चौऱ्याहत्तर. तिथले मोटरसायकलवाले त्याच्या नावाने अजूनही फेब्रुवारीत राइड काढतात.

मला हा माणूस आवडला. त्याचं म्हणणं पटलं नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि त्यांची भांडणं मी अजून मिटवलेली नाहीत.

पटलं नाही याचं कारण असं की मोटरसायकलच्या हेल्मेटची गोष्टच मुळी हिलच्या देशातली आहे. मे १९३५मध्ये 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून पडला, डोक्याला मार लागला आणि सहा दिवसांनी वारला. त्याला तपासायला आलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स नावाचा तरुण मेंदूशल्यचिकित्सक होता. त्याने पुढची काही वर्षं मोटरसायकलवाल्यांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१मध्ये लेख लिहून दाखवून दिलं की हेल्मेटने माणसं वाचतात. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने निरोप्यांना हेल्मेट सक्तीचं केलं. निरोप्ये म्हणजे हिल युद्धात जे काम करत होता तेच काम करणारे. हिलच्या पिढीतले कितीतरी जण त्या सक्तीमुळेच म्हातारे झाले असणार.

आपल्याकडचे आकडे तर आणखी स्पष्ट आहेत. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यांतली जवळपास ४५ टक्के दुचाकीवरची. हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण त्या वर्षी गेले. त्यांतले १४,३३७ मागे बसलेले. मागे बसणारी बहुतेक वेळा कोण असते ते मी सांगायला नको. मांडीवर पोर, एका हाताने पदर किंवा ओढणी धरलेली, आणि घरातलं एकुलतं एक हेल्मेट पुढच्याच्या डोक्यावर.

तरीही आवडला याचं कारण म्हणजे त्याने किंमत स्वतः मोजली. आपल्याकडे पुण्यातही हेल्मेटसक्तीला विरोध झाला, अनेकदा झाला. त्यासाठी तिथे कृती समिती आहे. जानेवारी २०१९मध्ये शहरात सक्ती कडक झाली तेव्हा मोर्चा निघाला, सविनय कायदेभंग हा शब्दही वापरला गेला, आणि काही महिन्यांतच पुढाऱ्यांच्या मध्यस्थीने शहरातली कारवाई सैल झाली. पुण्याबद्दल मी याहून जास्त बोलत नाही, पुणेकर वाचत असतील. पण मोर्चा काढून संध्याकाळी घरी जेवायला जाणं आणि सत्तरीत पुन्हा पुन्हा कोठडीत झोपणं यांत फरक आहे, एवढं म्हणायला हरकत नसावी.

हिलच्या गोष्टीत एक गृहीत धरलेलं आहे, ते मला बोईसरमध्ये राहून दिसलं. त्याच्यासाठी मोटरसायकल म्हणजे स्वातंत्र्य. वारा, मोकळा रस्ता, मनाला येईल तिथे जाणं. बायकर्सच्या सगळ्या रील्समध्ये तेच असतं, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या जव्हारच्या घाटात पावसाळ्यात ते बघायलाही मिळतं. चिल्हार-बोईसर रस्त्यावर सकाळी सहाला स्प्लेंडर मारणाऱ्या माणसाला मात्र वाऱ्याशी देणंघेणं नसतं. पंच करायला उशीर झाला तर अर्धा दिवस कापतात, हे त्याच्या डोक्यात असतं. गाडी हे त्याचं अवजार आहे, जसा गवंड्याचा थापी-ओळंबा. आणि अवजार वापरणाऱ्याचा पहिला हक्क कोणता, तर काम करून हातपाय शाबूत घेऊन घरी जाणं.

इथला रस्ता कसा असतो ते बाहेरच्याला सांगावं लागेल. बोईसर हे एवढं मोठं औद्योगिक गाव, पण कारभार ग्रामपंचायतीचा. कुठला रस्ता एमआयडीसीचा, कुठला सार्वजनिक बांधकामचा, कुठला जिल्हा परिषदेचा, हे फक्त खड्डा पडल्यावर कळतं. म्हणजे तो आपला नाही असं प्रत्येक जण सांगतो तेव्हा. त्यात गेली काही वर्षं आमच्या जिल्ह्यात एकाच वेळी बुलेट ट्रेन, मालगाड्यांचा वेगळा लोहमार्ग आणि मुंबई-वडोदरा महामार्ग अशी सगळी कामं चालली. बुलेट ट्रेनचं एक स्टेशन बोईसरला होणार आहे. या सगळ्यांच्या भरावासाठी मुरूम लागतो आणि मुरूम डंपरमधून जातो. ताडपत्री न बांधलेला डंपर वळणावर ओंजळभर सांडतो. उन्हाळ्यात त्याची धूळ होते, डोळ्यांत जाते, विषय संपतो. जूनच्या पहिल्या पावसात त्याचा साबण होतो. चारचाकीला तो चिखल वाटतो. दुचाकीला तो तेल सांडलेली फरशी असतो. एमआयडीसीच्या आत आणखी एक प्रकार आहे, टँकरच्या नळातून ठिबकत गेलेला कसलासा ओघळ. तो पाण्यासारखा दिसतो आणि पाण्यासारखा वागत नाही. आम्ही लॅबवाले त्याच्या वासावरून काय असेल याची पैज लावतो.

२०२४च्या जुलैत आमच्या पॅकिंग विभागातला एक दादा असाच पडला. त्याचं नाव लिहीत नाही, दादाच म्हणते. आम्ही सगळे तेच म्हणतो. मनोरकडून यायचा. वय पस्तीस. हेल्मेट घातलेलं, खरं, आयएसआयचं. वेग चाळीसच्या आत असेल, कारण त्याच्या मागे पुतण्या बसला होता आणि पुतण्या सोबत असला की तो जपून चालवतो. वळणावर मुरमाच्या चिखलात पुढचं चाक सरकलं. डोक्याला काही झालं नाही. डाव्या नडगीचे दोन तुकडे झाले. आत रॉड टाकला. पुतण्याला खरचटलं.

कागदावर काय लिहिलं गेलं? 'दुचाकी घसरून अपघात.' दुचाकी घसरली, हे खरंच आहे. कशावरून घसरली याला कागदावर जागा नव्हती. मी तेव्हापासून असल्या वाक्यांकडे बघायला लागले आहे. चालकाचा ताबा सुटला. गाडी स्लिप झाली. मराठीत अपघाताचं वाक्य असं बनतं की त्यात कर्ता एकतर चालक असतो नाहीतर गाडी. रस्ता कधीच कर्ता नसतो. वरच्याच सरकारी अहवालात २०२२मध्ये खड्ड्यांमुळे मेलेल्यांचा आकडा आहे १,८५६. पन्नास हजारांच्या शेजारी तो ठेवला की वाटतं, बघा, हेल्मेट घाला, खड्ड्यांचं काय घेऊन बसलात! पण हे दोन आकडे एका जातीचे नाहीत. हेल्मेट डोक्यावर होतं की नव्हतं हे मेलेल्या माणसाकडे बघून कळतं. तो का पडला हे कुणीतरी रस्त्याकडे बघून लिहावं लागतं. दादाचा अपघात कुठल्या रकान्यात गेला असेल? मुरमाच्या नाही, हे नक्की.

रस्त्याकडे बघणारा एक माणूस आपल्याकडे आहे, आणि दुचाकीवाल्यांच्या हक्कांसाठी लढणारा म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही, खड्डे बुजवणारा म्हणून घेतात. दादाराव बिल्होरे. मुंबईत अंधेरीला मरोळकडे भाजीचा व्यवसाय. २८ जुलै २०१५ला त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश चुलतभावाच्या मागे बसून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने येत होता. पाऊस, आणि पाण्याने भरलेला खड्डा. पाण्याने भरलेला खड्डा म्हणजे डबकं की विहीर हे वरून कळत नाही, हे पावसात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. गाडी आदळली, प्रकाश उडून पडला आणि गेला.

त्यानंतर बिल्होरे खड्डे बुजवायला लागले. बांधकामाच्या जागी पडलेलं डेब्रिज, खडी, पेव्हर ब्लॉकचे तुकडे गोळा करायचे, फावडं घ्यायचं आणि रस्त्यावर उतरायचं. २०१८पर्यंत त्यांनी सुमारे सहाशे खड्डे बुजवल्याच्या बातम्या आल्या, परदेशी वाहिन्यांनी त्यांच्यावर फिती केल्या, 'पॉटहोल दादा' असं नाव पडलं. लोक मदतीला येऊ लागले.

त्यांच्याबद्दल लिहिताना बहुतेक जण गहिवरतात. मला तो गहिवर थोडा गैरसोयीचा वाटतो. बापाचं दुःख म्हटलं की काम संपतं, आपण डोळे पुसून पुढची रील बघतो. त्यांनी केलेलं काम मला वेगळ्या कारणाने महत्त्वाचं वाटतं. हिल म्हणाला, माझ्या डोक्यावर काय आहे त्यात सरकारने पडू नये. बिल्होरेंच्या फावड्याचं म्हणणं उलटं आहे: माझ्या चाकाखाली काय आहे त्यात सरकारने पडलंच पाहिजे, आणि तुम्ही पडत नाही तोवर हे बघा मी पडतोय. आमच्या रस्त्यासाठी मला हे जास्त कामाचं वाटतं. भाजीवाल्याने रस्ता दुरुस्त करणं ही चांगली व्यवस्था आहे असं कुणीच म्हणणार नाही. ते दिसावं म्हणूनच तर ते भर रस्त्यात करायचं.

आमच्या पालघर जिल्ह्यातही अशा बातम्या होत राहतात. २०१७च्या जुलैत डहाणू-जव्हार रस्त्यावर मुंबईहून आलेली एक बाईकर खड्ड्याने तोल जाऊन पडली आणि ट्रकखाली आली. चांगली, सरावलेली चालक होती. सप्टेंबर २०२२मध्ये चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली आणि ते गेले, तेव्हा त्या पुलाची, त्याच्या कठड्याची, महामार्गाच्या रचनेची चर्चा देशभर झाली. ती व्हायलाच हवी होती. त्याच महामार्गावर त्याआधी वर्षानुवर्षं मरणाऱ्या दुचाकीवाल्यांसाठी मात्र कठड्याचा अभ्यास करायला कुणी आल्याचं मला आठवत नाही.

कायद्याकडे बघितलं तर तो वाटतो तितका एकतर्फी नाही. २०१९मध्ये मोटार वाहन कायदा बदलला तेव्हा हेल्मेट नसेल तर हजार रुपये दंड हे कलम आलं, ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आलं, १९८-अ. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला, सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. एकाच दिवशी, एकाच संसदेने केलेली दोन कलमं. पहिल्याची पावती मोबाइलवर येते. दुसऱ्याची पावती बघितलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. तुम्हाला भेटला तर त्याच्यासोबत एक सेल्फी काढा.

मुंबई उच्च न्यायालयाने तर चांगला रस्ता हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं मागेच सांगितलंय. ऑक्टोबर २०२५मध्ये त्याच न्यायालयाने आकडाही ठरवून दिला: खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कुणी गेलं तर वारसांना सहा लाख, जखमीला पन्नास हजार ते अडीच लाख, आणि हे पैसे पुढे जबाबदार अधिकाऱ्यांकडून, ठेकेदारांकडून वसूल करायचे. मी ही बातमी दादाला वाचून दाखवली. त्याने शांतपणे विचारलं, "मुरूम यात येतो का?"

दादाचं खरं भांडण वेगळंच होतं, आणि ते मला उशिरा समजलं. तो पडला तेव्हा कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं, "गेटच्या आत पडला असतास तर बघितलं असतं." कॉन्ट्रॅक्टरचं नाव सांगत नाही, सगळ्यांचं वाक्य हेच असतं. दादाच्या पगारातून ईएसआय कापला जात होता, कार्ड होतं. पण गेटच्या बाहेरचा अपघात म्हणून त्याची रजा साध्या आजारपणात टाकली गेली. याने काय फरक पडतो? बराच पडतो. ईएसआयमध्ये आजारपणाचा भत्ता पगाराच्या ७० टक्के, तोही वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. कामावरचा अपघात मानला तर ९० टक्के, आणि बरा होईपर्यंत. शिवाय अवयव कायमचा अधू झाला तर वैद्यकीय मंडळाकडून तपासणी होते आणि त्या प्रमाणात पुढे आयुष्यभर रक्कम मिळू शकते. दादाचा डावा पाय आता घोट्यात पूर्ण वळत नाही. पॅकिंगमध्ये आठ तास उभं राहायचं असतं. ते गेटचं एक वाक्य त्याला जन्मभर पुरणार होतं.

२९ जुलै २०२५ला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. हेडलाइन लहान होती, मीही आधी ती नुसती खाली सरकवली असती, पण त्यात 'मोटरसायकल' आणि 'शिफ्ट' हे शब्द होते. गोष्ट आपल्या महाराष्ट्रातली. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा पहारेकरी. ड्यूटी पहाटे तीन ते अकरा. २२ एप्रिल २००३ला तो मोटरसायकलवरून कामावर निघाला आणि कारखाना पाच किलोमीटर राहिला असताना अपघातात गेला. मागे बायको, मुलं, आई. कामगार भरपाई आयुक्तांनी त्यांना ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. विमा कंपनी उच्च न्यायालयात गेली. तिथे २०११मध्ये निकाल उलटला. म्हणणं तेच, की तो कामावर नव्हता, कामावर जात होता. बाईने सोडलं नाही. ती दिल्लीपर्यंत गेली. बावीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निर्णय परत उभा केला.

निकालातला मुद्दा समजायला मला दोन दुपारी लागल्या. ईएसआय कायद्यात २०१०मध्ये ५१-ई नावाचं कलम घातलं गेलं होतं: घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात हा कामामुळेच झालेला मानायचा, फक्त त्या अपघाताची परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा नोकरीशी संबंध दाखवता आला पाहिजे. न्यायालय म्हणालं की हे कलम नवीन काही देत नाही, आधीपासूनच्या अर्थाचा खुलासा करतं, म्हणून ते मागच्या काळालाही लागू. आणि कर्मचारी भरपाईचा जुना कायदाही याच उजेडात वाचायचा. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद घेतलेली आहे. साध्या भाषेत, पहाटे तीनच्या ड्यूटीला अंधारात मोटरसायकलवर निघालेला पहारेकरी पाच किलोमीटर आधीच कामावर होता.

फ्रेड हिलच्या नावाने राइड निघतात. त्या बाईच्या नावाने निघणार नाहीत, तिला त्या नकोही असतील. तिने मोटरसायकलवाल्यांसाठी काही करायचं असं कधी ठरवलं नसेल. तिला नवऱ्याची भरपाई हवी होती. पण तारापूरच्या सात वाजताच्या गर्दीतल्या माणसांसाठी आजवर कुणी सगळ्यात मोठी गोष्ट मिळवली असेल तर ती तिने. रस्त्याचा तो तुकडा तिने गेटच्या आत ओढून घेतला.

निकालाची प्रत मी छापून घेतली. इंग्रजी, बरीच पानं. दादाला मराठीत सांगितली, मग जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये पुन्हा सांगितली, कारण टेबलाभोवती पाचाचे पंधरा जण झाले होते. आमच्याकडे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची पोरं खूप, त्यामुळे हिंदीतही झालं. दादा ईएसआयचं कार्ड, त्या दिवशीच्या शिफ्टचा कागद आणि दवाखान्याची वेळ लिहिलेली पहिली चिठ्ठी घेऊन कॉन्ट्रॅक्टरकडे गेला. सोबत आम्ही चौघं. कॉन्ट्रॅक्टरने आधी चहा पाजला, मग वकिलाला फोन लावला, आणि दोन आठवड्यांनी, तब्बल वर्षभर उशिरा, अपघाताचा अहवाल भरून दिला. कारण म्हणून यावेळी 'रस्त्यावर सांडलेल्या मुरमावरून दुचाकी घसरून' असं लिहिलं आहे. ते वाक्य दादाने सांगून लिहून घेतलं. कागद गेले आहेत. काय होईल ते होईल.

तेव्हापासून कँटीनमध्ये माझ्याकडे प्रश्न यायला लागलेत. मला सगळ्यांची उत्तरं येत नाहीत. नाईट करून सकाळी घरी जाताना झोप लागून पडलो तर? सोबतीला मागे बसलेला दुसऱ्या कंपनीचा असला तर? परवा मिक्सिंगमधल्या एकाने विचारलं. तो सरावलीला राहतो, बायको दुसऱ्या कंपनीत जनरल शिफ्टला, म्हणून सुटल्यावर तो आधी पोरीला बालवाडीतून घेतो, मग दूध, मग घर.

"मॅडम, सीधा रास्ता तो तीन किलोमीटर है," तो म्हणाला. "बालवाडी से जाओ तो पाँच. वो दो किलोमीटर किसका?"

ते मी आता वाचते आहे.